एकाच आईच्या लेकी

ज्यांच्या गॅलरीत कढीलिंबाची कुंडी आहे, त्यांनी पानांवरची ती अळी नक्की पाहिली असेल. लहान असताना ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की पानासारखी हिरवीगार. बोट लावलं की डोक्यामागून लाल शिंगं बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. "काढून टाक गं ती ब्याद," असं आमच्या सासूबाईंचं नेहमीचं म्हणणं. मी मात्र एक फांदी तिच्यासाठी राखून ठेवते. फोडणीला बाकीच्या फांद्या पुरतात!

या अळीचं जे फुलपाखरू होतं त्याला इंग्रजीत कॉमन मॉरमॉन म्हणतात. आमच्या घरात त्याचं नाव बहुरूपी. नर ओळखणं अगदी सोपं. काळे पंख आणि मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची आडवी ओळ. माद्यांच्या मात्र तीन तऱ्हा. एक नरासारखीच साधी. दुसरीच्या मागच्या पंखांवर मधोमध पांढरा डाग आणि कडेला तांबड्या चंद्रकोरी. तिसरीच्या पुढच्या पंखांवर पांढरे पट्टे आणि मागच्या पंखांवर तांबडे ठिपके. १७५८ साली लिनियससारख्या शास्त्रज्ञानेही नराला आणि मादीला वेगवेगळ्या जाती समजून दोन नावं दिली. या सगळ्या एकाच जातीच्या माद्या आहेत, हे १८६५ साली वॉलेस यांनी मांडलं.

एवढी सोंगं कशासाठी? तर जीव वाचवण्यासाठी. कॉमन रोझ आणि क्रिमझन रोझ या फुलपाखरांच्या अळ्या ईश्वरीच्या वेलीची विषारी पानं खातात. ते विष पुढे फुलपाखराच्या अंगात राहतं, म्हणून पक्षी त्यांच्या वाटेला जात नाहीत. बहुरूपीची दुसरी मादी कॉमन रोझची नक्कल करते, तिसरी क्रिमझन रोझची. मग ओळखायचं कसं? पंख पाहून झाले की अंग पाहायचं. रोझचं अंग तांबडं असतं, बहुरूपीचं काळं. साडी उसनी आणली तरी अंग आपलंच, नाही का?

हे सगळं मी इतक्या हौसेने शिकले त्याला कारण आमच्या दोघी मुली. थोरली गोरी, धाकटी सावळी. कुठे हळदीकुंकवाला गेलं की कुणीतरी विचारतंच, "ही कुणावर गेली हो?" बायका सहज बोलतात, पण नऊ वर्षांच्या पोरीला ते कळतं. एका रात्री तिने मला हळूच विचारलं, "आई, मी नक्की तुझीच ना?" माझ्या पोटात कालवलं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर मी तिला बहुरूपीची गोष्ट सांगितली. एकाच मादीच्या अंड्यांतून अशा निरनिराळ्या लेकी निघू शकतात. हा सगळा फरक एका जनुकावर अवलंबून असतो, हे कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली दाखवून दिलं. तिने सगळं नीट ऐकून घेतलं. पुढच्या वेळी तोच प्रश्न आला, तेव्हा मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "काकू, आमच्यात दोन तऱ्हा आहेत. बहुरूपीत तर तीन असतात!"

तेव्हा मैत्रिणींनो, कढीलिंबाची एक फांदी अळीसाठी राहू द्या. आणि कुणाच्या घरी दोन बहिणी शेजारी शेजारी बसलेल्या दिसल्या, तर त्यांच्या रंगाची तुलना तेवढी करू नका.