डाव्या पायासाठी

१६ मार्च २०२४, शनिवार. इप्सिलँटी, मिशिगन

आज सिग्नलला गाडी बंद पडली. ही चालवत होती. गाडीत बिघाड नव्हता, हिचा डावा पाय क्लचवरून सुटला होता. मागच्याने हॉर्न वाजवला. हिने पुन्हा क्लच दाबायला घेतला, पाय अर्ध्यावर थरथरला आणि तिथेच राहिला. शेवटी दोन्ही हातांनी मांडी दाबून तिने क्लच खाली नेला, गाडी कडेला घेतली आणि म्हणाली, "अहो, इथून तुम्ही चालवा." तेहतीस वर्षांत हे वाक्य मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

गाडी हिची आहे. १९७८ ची शेवरोले सी-१० पिकअप, ५.७ लिटरचं व्ही-८ इंजिन, हाताचे चार गिअर. १९९१ साली हिने स्वतःच्या पगारातून घेतली. मागच्या हौद्यात खत, माती, रोपांचे ट्रे आणि दर मे महिन्यापासून ॲन आर्बरचा शनिवारचा बाजार. जुन्या शेवरोलेचा क्लच जड. दांडे आणि तरफांनी चालणारा, मदतीला काही नाही.

ही मिरजेची. १९६१ साली, तीन वर्षांची असताना पोलिओ झाला. त्यातून उठली, चालली, शाळेत धावलीसुद्धा. डावी पोटरी तेवढी बारीक राहिली. मागच्या वर्षापासून तोच पाय पुन्हा थकायला लागला. डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं होतं. पोलिओत ज्या चेतापेशी गेल्या, त्यांचे स्नायू उरलेल्या पेशींनी आपल्याकडे घेतले आणि साठ वर्षं दुप्पट काम केलं. आता त्या पेशीच झिजत आहेत. त्यांनी बजावलं होतं, "या पायाला जोर लावून ताकद येणार नाही. आहे ती जपून वापरा. थकल्यावर बसू नका, थकायच्या आधी बसा." आणि मी घरी येऊन रोज म्हणत होतो, व्यायाम वाढव, जोर लाव.

उजवा पाय ठणठणीत आहे. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर त्याचेच. अडचण एकाच पेडलची आहे.

२३ मार्च, शनिवार

मुलाचा फोन. "बाबा, नवी ऑटोमॅटिक घ्या ना, कशाला हा उपद्व्याप?" हिने फोन हातात घेतला. "अरे, पाय माझा बदलला, गाडी का बदलायची? गाडीतलं जे पायाला नडतं तेवढं काढू." विषय संपला.

शेजारी अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी विलो रनच्या कारखान्यात ऑटोमॅटिक गिअरबॉक्स जोडले. आमच्या घरापासून तो कारखाना जवळच होता. दुसऱ्या महायुद्धात फोर्डने तिथे बी-२४ बॉम्बर विमानं बांधली, भर जोमात असताना जवळजवळ तासाला एक. १२ ऑगस्ट १९५३ ला जनरल मोटर्सचा लिव्होनियातला हायड्रामॅटिक या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा कारखाना जळाला, तेव्हा ते काम विलो रनमध्ये आलं आणि २०१० पर्यंत राहिलं. मी भीत भीत विचारलं, पिकअपला ऑटोमॅटिक शोभेल का? ते म्हणाले, "१९४० च्या ओल्ड्समोबिलमध्ये हायड्रामॅटिक आला आणि १९५४ साली शेवरोलेने तो पिकअपमध्ये दिला. तुमच्या गाडीच्या जन्माआधी चोवीस वर्षं. शोभेल."

दुपारी तिघं जुन्या गाड्यांच्या यार्डात गेलो. १९७७ ची एक सी-१० सापडली, चेसिस गंजून गेलेली, पण ऑटोमॅटिक. आपल्याला हवा तो टर्बो हायड्रामॅटिक ३५० ओळखायचा कसा, हे त्यांनी खाली वाकून दाखवलं. तळाचं तेलाचं पॅन जवळजवळ चौकोनी, एक कोपरा कापलेला, तेरा बोल्ट. याला कॉम्प्युटर लागत नाही. वेगाचा अंदाज तो आतल्या गव्हर्नरवरून घेतो आणि इंजिनवरचा भार एका रबरी नळीतून येणाऱ्या व्हॅक्यूमवरून. गिअरबॉक्स, स्टीअरिंगचा लिव्हरवाला दांडा, रुंद ब्रेक पेडल, मधला आडवा बीम, सगळं त्याच गाडीतून घेतलं. त्यांचा एक नियम मी लिहून ठेवतो: लहानसहान भाग वेगवेगळ्या ठिकाणांहून गोळा करू नयेत, एकच दाता शोधावा.

३० मार्च, शनिवार

आठवडाभर शेजाऱ्यांनी गिअरबॉक्स खोलून आतल्या घर्षणाच्या चकत्या, सील आणि पॅकिंग नवं घातलं. आज जुना उतरवला. गाडी चार घोड्यांवर चढवली, खाली लाकडी ठोकळेही ठेवले. मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट काढला, क्लचचे दांडे सोडवले आणि गिअरबॉक्स जॅकवर घेतला. बिडाचा, सुमारे ऐंशी किलोचा. नवा पंचावन्नच्या आसपास.

जुन्याचा पहिला गिअर ६.५५ चा होता. मातीने भरलेली गाडी चढावर मुंगीच्या चालीने न्यायची तर तो लागायचा. नव्यात पहिला २.५२, दुसरा १.५२, तिसरा सरळ एकास एक. मला भार ओढण्याची काळजी वाटत होती. पण पुढे टॉर्क कन्व्हर्टर असतो. त्यात समोरासमोर पात्यांची दोन चाकं. इंजिन एक फिरवतं, ते तेल फेकतं आणि त्या तेलाने दुसरं फिरतं. मधलं तिसरं चाक परतणाऱ्या तेलाला दिशा देतं, त्यामुळे गाडी जागेवरून निघताना जोर जवळपास दुप्पट होतो. म्हणजे निघतानाचा हिशेब पाचाच्या आसपास येतो. आमच्या कामाला पुरे. हायवेला जुना चौथाही एकास एकच होता, तिथे फरक नगण्य. सिग्नलला उभं राहिलं की तेल नुसतं घसरत राहतं, इंजिन बंद पडत नाही. हिच्या पायाचं काम आता तेल करणार.

७ एप्रिल, रविवार

क्रँकशाफ्टच्या टोकाला खोलात एक छोटा पितळी बुश बसवलेला असतो. जुन्या गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक त्यात फिरायचं. ऑटोमॅटिकला तो नको, तिथे कन्व्हर्टरचं नाक येतं. पण तो घट्ट ठासलेला, पक्कड लावायला जागाच नाही. शेजाऱ्यांनी हिच्याकडे पाव मागितला.

पावाचे तुकडे पाण्यात भिजवून त्या भोकात भरले. भोकात बरोबर बसेल अशी लोखंडी कांडी वर ठेवून हातोडीचा एक ठोका. मग आणखी पाव, आणखी ठोका. लगदा दाबला जात नाही, पळायलाही वाट नाही, म्हणून तो बुशाच्या मागे जाऊन त्याला बाहेर ढकलतो. सहाव्या-सातव्या ठोक्याला बुशाची कड केसभर पुढे आली. त्यानंतर प्रत्येक ठोक्याला थोडी थोडी, आणि शेवटी तो अख्खा माझ्या तळहातावर आला, ओल्या पावाचा वास घेऊन. ज्या भोकात पाना शिरत नव्हता तिथे पाव शिरला.

फ्लायव्हीलच्या जागी पातळ पत्र्याची फ्लेक्सप्लेट बसवली. जुन्या फ्लायव्हीलला १६८ दाते होते, म्हणून प्लेटही १६८ चीच घेतली, स्टार्टर तोच राहिला. सहा बोल्ट नवे, आखूड. जुने वापरायचे नाहीत, ते जाड फ्लायव्हीलसाठी होते.

९ एप्रिल, मंगळवार. पाडवा

काल ग्रहण. दुपारी सव्वातीनच्या सुमारास सूर्य जवळजवळ पूर्ण झाकला, अंगणात भर दुपारी गारवा आला. हिने कामाला हात लावू दिला नाही. आज गुढी उभारली, कडुलिंब इथे नाही, श्रीखंड झालं, आणि मग गॅरेज उघडलं.

कन्व्हर्टर हिच्या हाताने बसला. गिअरबॉक्स शेपटीवर उभा केला. कन्व्हर्टरमध्ये आधी लिटरभर तेल ओतलं. मी वजन तोलून धरलं, ही स्टुलावर बसून त्याला फिरवत राहिली. आत तीन ठिकाणी दाते जुळावे लागतात: आतला शाफ्ट, त्यावरची स्थिर नळी आणि तेलाचा पंप. ते डोळ्यांना दिसत नाहीत. फिरवता फिरवता कन्व्हर्टर टक करून खाली उतरतो. "एक," ही म्हणाली. थोड्या वेळाने, "दोन." तिसऱ्याला दहा मिनिटं लागली. तिने डोळे मिटले होते. मग एक जाडसर आवाज झाला आणि हातातलं वजन खाली गेलं. "तीन."

संध्याकाळी गिअरबॉक्स इंजिनला भिडवला. दोन खुंट्या जुळल्या, पण तोंड पूर्ण मिटेना. अर्धा इंच फट. मी पाना उचलला. म्हटलं, बोल्ट थोडे आवळले की येईल ओढून. शेजाऱ्यांनी माझं मनगट धरलं. "बोल्ट धरून ठेवायला असतात, ओढून आणायला नाही. आवळलात तर पंप फुटेल, आणि फुटलेला तुम्हाला दिसणारही नाही. फट आहे म्हणजे आत काहीतरी जागेवर नाही."

पुन्हा खाली घेतला. जॅकवर कलताना कन्व्हर्टर पुढे सरकला होता, पंपावरून सुटला होता. हिने पुन्हा फिरवून बसवला, तोंडावर पट्टी बांधली, मग वर नेला. या वेळी कवच इंजिनला हाताने टेकलं. कन्व्हर्टर बोटांनी मोकळा फिरत होता आणि प्लेटपर्यंत यायला त्याला तीन-चार मिलिमीटर पुढे ओढावं लागलं. तेवढं अंतर हवंच. त्यानंतरच बोल्ट आवळले.

रात्री हात धुताना मला ते वाक्य सोडत नव्हतं. जागेवर न बसलेल्या गोष्टीला जोर लावला की आतलं काहीतरी तुटतं आणि बाहेरून कळत नाही. वर्षभर मी हिच्या पायाला तेच करायला लावत होतो. हिला तसं बोललो. ती म्हणाली, "आता कळलं ना? मग झालं."

२० एप्रिल, शनिवार

आडवा बीम मागे-पुढे करून नव्या जागी बसवला. शाफ्टच्या टोकाचा योक बदलला, नव्या गिअरबॉक्सला सत्तावीस दात्यांचा लागतो. माप घेताना योक पूर्ण आत ढकलायचा, मग पाऊण इंच बाहेर घ्यायचा आणि त्या जागेवरून लांबी मोजायची, गाडी तिच्या चाकांवर उभी असताना. शाफ्ट दुकानातून लांबी बदलून, तोलून आणला.

हाताच्या गिअरच्या रेडिएटरमध्ये तेल थंड करायची सोय नसते. रेडिएटरपुढे वेगळा कूलर लावला. कन्व्हर्टरमध्ये तेल घुसळून तापतं, आणि गरम तेल ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा मोठा शत्रू. इथे काटकसर करू नये.

वायरिंगमधलं एकच काम लिहिण्यासारखं: लिव्हर पार्क किंवा न्यूट्रलमध्ये नसेल तर स्टार्टर फिरता कामा नये. तो स्विच लावून प्रत्येक खाचेत तपासला. हा स्विच टाळून गाडी रस्त्यावर आणणं म्हणजे गुन्हाच.

शेवटी क्लच पेडल काढलं. रबरावर डाव्या बाजूला हिच्या चपलेचा घासलेला ठसा आहे. मी ते कपाटात ठेवायला निघालो. "भंगारात टाका," ही म्हणाली. "त्याने पुष्कळ घेतलं माझ्याकडून." टाकलं.

२७ एप्रिल, शनिवार

तेल टप्प्याटप्प्याने घातलं. आधी चार लिटर, मग इंजिन सुरू करून बाकीचं, एकूण नऊच्या आसपास. ब्रेक दाबून लिव्हर प्रत्येक जागी फिरवला. पातळी इंजिन चालू असताना, तेल गरम झाल्यावर, पार्कमध्ये बघायची. लाल, स्वच्छ, जळका वास नाही.

गल्लीत पहिली फेरी शेजाऱ्यांनी मारली. पहिल्यावरून दुसरा उशिरा पडत होता. व्हॅक्यूमची रबरी नळी टोकाशी चिरलेली निघाली. बदलली, गिअर वेळेवर पडू लागले. मग ते उतरले आणि चावी हिच्या हातात दिली.

४ मे, शनिवार

हिच्या डॉक्टरांनी डावा पाय न वापरता ऑटोमॅटिक चालवायला लेखी संमती दिली आहे. पहाटे हौद्यात टोमॅटो, वांगी, मिरचीच्या रोपांचे चाळीस ट्रे चढवले. ही चालवायला बसली, मी शेजारी. वाटेत अकरा सिग्नल. पहिल्या दोनांना हिचा डावा पाय सवयीने उचलला गेला आणि रिकाम्या जागी टेकला. तिसऱ्यानंतर तो गालिच्यावर शांत पडून राहिला.

बाजारात पोचल्यावर ती गाडीतून उतरली आणि काठी न घेता टेबलापर्यंत चालत गेली. एरवी इतकं चालवल्यावर आधी दहा मिनिटं गाडीतच बसायची. त्या पायात तीच ताकद आहे, एका थेंबानेही वाढलेली नाही. फक्त ती आता क्लचवर जात नाही, चालायला उरते.

ज्यांच्या घरी असा पाय आहे त्यांना एवढंच सांगेन: माणसाला गाडी सोडायला सांगण्याआधी, गाडीतलं काय सोडता येईल ते बघा.

गाडी पाच तास उभी होती. निघताना गिअरबॉक्सखाली ठेवलेला पुठ्ठा बाहेर ओढून पाहिला. कोरडा.