चपटे वर, गोल खाली

पिकाची सफाई म्हटली की आपल्याला उफणणी आठवते. वारा धरायचा, धान्य पायाशी पडते, भुसा पलीकडे जातो. हॉपला मात्र वारा पुरत नाही. बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणारा हॉपचा शंकू म्हणजे कागदासारख्या पातळ पाकळ्यांचा फुलोरा, आत बरीचशी हवाच. वाऱ्याचा जोर वाढवला की पानांबरोबर शंकूही उडून जातात. म्हणून हॉपच्या यंत्रांनी वजनाबरोबर आकारही धरला. मी ज्या पट्ट्यांची आखणी करतो, त्यांचे सगळे तत्त्व एवढेच.

अमेरिकेतला बहुतांश हॉप वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा खोऱ्यात पिकतो. 18 फूट उंचीवरच्या तारांवरून काथ्याच्या दोऱ्या सोडलेल्या असतात, त्यांवर वेल चढतो. हा काथ्या श्रीलंकेतून येतो, हे कोकणातल्या माणसाला ऐकायला बरे वाटेल. ऑगस्टअखेर तोडणी सुरू झाली की वेल दोरीसकट कापून ट्रकने कारखान्यात आणतात, साखळीच्या आकड्यांना टांगतात आणि तारेची बोटे असलेल्या ढोलांमधून ओढून नेतात. शंकू, पाने, डहाळ्या, दोरीचे तुकडे सगळे एकत्र खाली पडते. हंगामात हे काम रात्रंदिवस चालते.

पहिली सफाई पंख्यांची. जाळीच्या फिरत्या पट्ट्यामागून हवा ओढली की मोठी पाने जाळीला चिकटून निघून जातात. उरतात पानांचे तुकडे आणि देठ. त्यांच्यासाठी असतो ड्रिबल बेल्ट: उतरता बसवलेला, पण खालून वर फिरणारा रुंद पट्टा. त्यावर माल पडला की गोल शंकू गडगडत खाली येतो. चपटे पान पट्ट्याला अंग टेकून बसते आणि वर जाऊन पलीकडे कचऱ्यात पडते. एकाखाली एक असे पट्टे लावले की माल हळूहळू स्वच्छ होत जातो. नव्या माणसाला मी आधी याच पट्ट्यासमोर उभा करतो. एकाच जागी पडलेले पान आणि शंकू दोन दिशांना जाताना पाहिले की वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

सगळे कौशल्य उताराच्या कोनात आणि पट्ट्याच्या वेगात आहे. उतार जास्त झाला तर देठही घरंगळतात, कमी झाला तर शंकू वर चढतात. शिवाय बसवलेला कोन दिवसभर टिकत नाही. पहाटे दवाने ओला झालेला शंकू नीट गडगडत नाही. तोडणी लांबली तर शंकू ठिसूळ होऊन फुटतात, आणि सुटी पाकळी पानासारखीच चपटी असल्यामुळे कचऱ्याकडे जाते. पाकळीच्या मुळाशी ल्युप्युलिनची पिवळी, चिकट पूड असते. कडवटपणाची आम्ले आणि सुगंधी तेले तिच्यातच. ती पूड सांडली की पट्टा चिकट होतो आणि चांगले शंकूही धरून ठेवतो. म्हणून पट्टा वेळच्या वेळी खरवडून स्वच्छ करायलाच हवा. माल जितक्या उंचीवरून पडेल आणि जितक्या पट्ट्यांवरून जाईल, तितकी पूड झडणार. त्यामुळे एक पट्टा वाढवण्याआधी आहेत त्यांचाच कोन सुधारावा, असे माझे ठाम मत आहे.

तरीही देठ राहू देता येत नाहीत. ताज्या शंकूत तीन-चतुर्थांशाहून अधिक पाणी असते. भट्टीत ते दहा टक्क्यांच्या आसपास आणतात. जाड देठ शंकूपेक्षा सावकाश वाळतो. ओला देठ गठ्ठ्यात दाबला गेला की भोवतालचा माल खराब होतो, तापतोही. खरेदीदार नमुन्यातला पाल्याचा आणि देठांचा अंश तपासतात ते उगाच नाही.

मात्र नुसता नमुना स्वच्छ निघाला म्हणून यंत्र चांगले चालले आहे असे मी मानत नाही. कोणत्याही कारखान्यात गेलो की मी आधी मागच्या बाजूला, कचऱ्याच्या ढिगाकडे जातो. ढिगातून ओंजळभर पाला उचलून हातावर पसरतो. त्यात अख्खे शंकू दिसले तर उतार वाढवायला सांगतो. पिवळी पूड आणि सुट्या पाकळ्या दिसल्या, तर शेतकऱ्याला विचारतो की पुढच्या शेताची तोडणी दोन दिवस आधी करता येईल का.