दिवाळीच्या सुटींत बंदराची सफर

दिवाळीच्या सुटींत मुंबईस गेलेलीं कुटुंबें गेटवेपाशीं येतात, समोरचें पाणी पाहतात आणि मिळेल त्या होडींत बसतात. आमचें सांगणें इतकेंच कीं, होडी ठरविण्यापूर्वीं पंचांग उघडावें.

भरतीची वेळ काढण्याची कोंकणांतील जुनी रीत अशी : पंधरवड्यांतील तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी; तितके वाजण्याच्या सुमारास पूर्ण भरती. चतुर्थीस चाराची पाऊणपट तीन. कार्तिक शुद्ध चतुर्थी भाऊबिजेनंतर दोनच दिवसांनीं येते; पाहुणे परतलेले असतात, शाळा उघडलेल्या नसतात. त्या दिवशीं बाराच्या सुमारास निघून भरतीबरोबर बंदरांत आंत जावें व तीननंतर ओहोटीबरोबर परतावें. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणास पाण्याची ओढ फार असते.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. सकाळचा मतलई वारा ऊन चढतांच पडतो व दुपारीं पश्चिम-वायव्येचा खारा वारा सुटतो. घारापुरी गेटवेच्या पूर्वेस सुमारें 10 किलोमीटरांवर आहे. म्हणजे जातांना वारा साह्य करितो, परततांना आडवा येतो. यास्तव परतीस अधिक वेळ धरावा. शिडाच्या होडींत बसून लेणींही पाहूं, असा हट्ट धरूं नये. लेण्यांसाठीं लाँच बरी. ती सुमारें तासाभरांत पोंचविते. सोमवारीं मात्र लेणीं बंद असतात.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. 17 जुलै 1947 रोजीं रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट ऐन पावसाळ्यांत बुडाली व 600 हून अधिक माणसें गेलीं. पण 18 डिसेंबर 2024 रोजीं, हिवाळ्यांतल्या दुपारीं, घारापुरीस निघालेल्या लाँचवर नौदलाची वेगवान नौका आदळून 15 जण प्राणांस मुकले. तेव्हां ऋतु चांगला म्हणून निर्धास्त राहूं नये. माणशीं एक जाकीट मोजून घ्यावें, मुलांच्या अंगास तें नीट बसतें कीं नाहीं हें पाहावें आणि अंगांत घालूनच बसावें. होडी गच्च भरलेली दिसली तर मागची घ्यावी. तांडेल “आज नको” म्हणाला, तर त्याच्याशीं वाद घालूं नये.

एवढी तजवीज केली म्हणजे मन मोकळें राहतें. शीड वाऱ्यानें भरतें, यंत्राची घरघर नसते, आणि 1924 सालीं पुरी झालेली गेटवेची कमान हळूहळू लहान होत जाते. घरीं भिंतीवर टांगलेली चतुर्थी मुलांना त्या दिवशीं पाण्यावर दिसते.