नमी

खुलताबादला जुनी माणसे अजून ‘रौजा’ म्हणतात. दौलताबादहून घाट चढून वर आले की हवा बदलते. पावसाळ्यात ढग गल्लीत उतरतात, हिवाळ्यात पहाटे पत्र्यांवरून दव गळते. अशा दिवसांत फजरच्या नमाजनंतर आमच्या गल्लीत एक ओळखीचा आवाज होतो, जुन्या पद्मिनीच्या सेलचा. घर्रर्र, घर्रर्र, आणि मग शांतता.

कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली ही गाडी अब्बांनी जुनीच घेतली होती. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. आमची अजून चालते. कोरड्या दिवशी तर पहिल्याच सेलला.

लोक दोष थंडीला देतात. थंडीत इंजिनाचे तेल घट्ट होते, बॅटरीचा जोर कमी होतो, पेट्रोलची वाफ नीट होत नाही, हे खरेच. त्यासाठी चोक दिलेला असतो. पण आमच्याकडे खरा त्रास नमीचा. डिस्ट्रिब्युटरच्या टोपणावर आणि प्लगच्या वायरींवर ओल धरली की ठिणगी प्लगपर्यंत पोचतच नाही, ओलीच्या वाटेने बाहेरच्या बाहेर पळते. आणि आपण सेल मारत राहिलो की प्लग पेट्रोलने भिजतात, वर बॅटरीही उतरते. म्हणजे घाई जितकी जास्त, तितकी गाडी दूर.

अब्बांच्या पश्चात हे ज्ञान घरात सर्वांत पक्के राहिले ते अम्मीकडे. तिने कधी स्टिअरिंग धरले नाही, पण चाळीस वर्षे ओट्यावरून सगळे पाहिले. दोन वर्षांपूर्वी श्रावणातल्या एका रात्री शेजारच्या खालांच्या सुनेला कळा सुरू झाल्या. रुग्णवाहिका यायला वेळ लागणार होता. आम्ही भाऊ सेलवर सेल मारत होतो. अम्मी छत्री घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, “पहले पोंछो, फिर सेल मारो.”

आम्ही टोपण काढले, आतून-बाहेरून पुसले, वायरी पुसल्या, प्लग काढून चुलीजवळ सुकवले. दहा मिनिटे गेली; ती दहा मिनिटे फार लांब होती. बॅटरीत सेलपुरता जोर उरला नव्हता, म्हणून गल्लीतल्या पोरांनी उतारावर ढकलले, दुसऱ्या गियरमध्ये क्लच सोडला आणि गाडी धरली. शहर पंचवीस किलोमीटर. मुलगी झाली, दोघी सुखरूप.

आता गाडीची नोंदणी पुन्हा पाच वर्षांसाठी वाढवायची वेळ आली आहे. धाकटा म्हणतो, भंगारात द्या, खर्च परवडत नाही. हिशेबाने त्याचेच बरोबर आहे. गल्लीतल्या बाळंतिणीला तीस वर्षांच्या गाडीवर भरवसा ठेवावा लागू नये, हेही तितकेच बरोबर. पण रात्री दोन वाजता दार वाजवणाऱ्याला आम्ही कोणता हिशेब दाखवायचा?

अर्ज भरायचे ठरले आहे. अम्मीने एक जुने सुती लुगडे फाडून त्याचे तुकडे प्लास्टिकच्या डब्यात घट्ट बंद केले आणि डब्यावर उर्दूत लिहायला सांगितले: “सिर्फ़ गाड़ी के लिए.” खालांची नात आता चालू लागली आहे. तो डबा तिच्या हाती लागू नये म्हणून आम्ही तो डिकीत, अगदी आत ठेवतो.