‘रोज अर्धा तास चाला’, पण कुठे?



आजचा लेख नेहमीपेक्षा थोडा वेगळा आहे. एरवी मी इथे साखर, बीपी, थायरॉइड, गुडघेदुखी यांबद्दल लिहिते. आज एका रस्त्याबद्दल लिहिणार आहे. लेख संपेपर्यंत तुमच्या लक्षात येईल की विषय आरोग्याचाच आहे.

माझा दवाखाना पुण्यात लक्ष्मी रस्त्याच्या मागच्या एका गल्लीत आहे. गेली पंचवीसहून अधिक वर्षे मी मधुमेहाच्या प्रत्येक रुग्णाच्या कागदावर गोळ्यांच्या खाली एक ओळ लिहिते : ‘रोज ३० मिनिटे चालणे’. सगळ्यात स्वस्त औषध! पण हे औषध घ्यायचे कुठे, हे मी कधी कोणाला विचारले नव्हते. विचारायला हवे होते, हे मला एका जोडप्यामुळे समजले. त्यांच्या परवानगीने, नावे न देता, त्यांची हकिगत सांगते.

काका आणि काकू

काका निवृत्त शिक्षक, वय ७४. काकू ७० च्या. जुना वाडा पाडून झालेल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतात. मुलगा परगावी. काकांना पंधरा वर्षांपासून मधुमेह, काकूंना बीपी. औषधे वेळेवर, पथ्य चोख; फक्त चालणे नाही. दर भेटीत मी विचारायचे आणि काका म्हणायचे, “मॅडम, चालायला जागा कुठे आहे? फूटपाथवर गाड्या, खाली उतरलो की अंगावर गाड्या.”

मला ती सबब वाटायची. एकदा मी जरा कडकच बोलले, “काका, ज्याला चालायचं असतं तो जागा शोधतो. आणि काकू, तुम्हीही घरात बसू नका. भाजी आणायच्या निमित्ताने तरी बाहेर पडा.”

त्यानंतर दहाव्या दिवशी काकू मंडईतून भाजी घेऊन येत होत्या. पदपथावर आडवी स्कूटर लावलेली. तिला वळसा घालायला त्या रस्त्यावर उतरल्या, मागून हॉर्न वाजला, त्या दचकल्या आणि तोल गेला. खुब्याचे हाड मोडले. दुसऱ्याच दिवशी शस्त्रक्रिया झाली, आणि चांगली झाली. तीन महिन्यांत वॉकर घेऊन त्या घरात फिरू लागल्या. पण उंबऱ्याबाहेर पाऊल टाकेनात.

काकांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. पुढच्या तपासणीला आले आणि रिपोर्ट टेबलावर ठेवला. एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, ७.२ वरून ९.१ वर गेली होती. “आता मीही फारसा बाहेर पडत नाही. तिला एकटीला कसं सोडू?” एवढेच म्हणाले. मी इन्सुलिनचा विषय काढला, पण माझ्या मनात ती स्कूटर होती. माझा सल्ला वैद्यकीय पुस्तकाप्रमाणे अचूक होता. मी काकूंना ज्या रस्त्यावर पाठवले, तो रस्ता मात्र मी पाहिला नव्हता.

न चालल्याने नेमके काय होते?

आपण चालतो तेव्हा मांड्या आणि पोटऱ्यांचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. विशेष म्हणजे काम करणारा स्नायू हे इन्सुलिनच्या फारशा मदतीशिवायही करू शकतो. म्हणूनच ज्यांचे इन्सुलिन नीट काम करत नाही, अशा टाइप २ मधुमेहींना जेवणानंतरची दहा-पंधरा मिनिटांची शतपावलीसुद्धा उपयोगी पडते. चालणे थांबले की ही वाट बंद होते आणि सगळा भार गोळ्यांवर येतो.

पडण्याच्या भीतीचे चक्र याहून वाईट. भीती वाटते म्हणून माणूस हिंडत नाही. हिंडत नाही म्हणून स्नायू झिजतात, तोल बिघडतो. तोल बिघडला की पुन्हा पडण्याचा धोका वाढतो, आणि भीतीही.

तिसरी गोष्ट रिपोर्टमध्ये दिसत नाही. ती म्हणजे एकटेपणा. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सामाजिक संबंधांवर एक आयोग नेमला, कारण एकटेपणाचा संबंध हृदयविकार, नैराश्य, स्मृतिभ्रंश यांच्याशी आढळतो. काकूंना वर्षानुवर्षे ओळखणारे बांगडीवाले, वाणी, पिको-फॉल करणारी बाई हे सगळे एका दिवसात त्यांच्या आयुष्यातून गेले. त्यासाठी माझ्याकडे गोळी नव्हती.

११ डिसेंबर

पुणे महापालिका २०२१ पासून ११ डिसेंबरला ‘पादचारी दिन’ साजरा करते. त्या दिवशी लक्ष्मी रस्त्याचा नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक हा भाग गाड्यांसाठी बंद ठेवून फक्त चालणाऱ्यांसाठी मोकळा केला जातो. मंडप, खेळ, गाणी, माहितीचे फलक असा कार्यक्रम असतो. खरे सांगते, मला पूर्वी हा फोटो काढण्यापुरता सोहळा वाटायचा.

त्या वर्षी मी काकांना फोन केला. “काकूंना घेऊन या. वॉकर आणा. मी चौकात थांबते.” काकू नाहीच म्हणत होत्या. शेवटी आल्या.

पहिली पाच मिनिटे त्या सवयीने कडेकडेने, दुकानांच्या पायऱ्यांना धरून चालत होत्या. मग मागे वळून पाहिले. मागून काहीच येत नव्हते. हळूहळू वॉकर रस्त्याच्या मध्यावर आला. दर थोड्या अंतराने बसायला मिळत होते, कुठे बाक, कुठे दुकानदाराने बाहेर काढलेले स्टूल. ओळखीच्या दुकानात त्यांनी ब्लाउजपीस घेतला, मग बांगड्या. बांगडीवाल्यांनी विचारले, “काकू, होतात कुठे इतके दिवस?” आणि काकू, ज्यांनी माझ्यासमोर शस्त्रक्रियेच्या दिवशीही डोळ्यांतून पाणी काढले नव्हते, तिथे रडल्या.

मी घड्याळ पाहिले. थांबत, बसत, गप्पा मारत त्या पाऊण तास पायांवर होत्या. माझ्या कागदावरच्या ओळीने जे दोन वर्षांत झाले नव्हते, ते या बाजाराने एका दुपारी करून घेतले. काकू मिनिटे मोजत नव्हत्या. त्या खरेदी करत होत्या.

दुकानदारांची बाजू

माझे अनेक रुग्ण याच रस्त्यावरचे व्यापारी आहेत. त्यांतले एक साड्यांचे दुकानवाले, बीपीचे रुग्ण, त्या आठवड्यात आले आणि म्हणाले, “मॅडम, गर्दी होती, पण बिलं कमी झाली. लग्नाचा बस्ता घ्यायला येणारं कुटुंब पिशव्या घेऊन किती चालणार? आणि माझा मालाचा टेम्पो?”

त्यांचे म्हणणे खोटे नाही. डिसेंबर हा लग्नसराईचा काळ. माल चढवायला-उतरवायला ठरावीक वेळ, जवळ वाहनतळ, तिथून फिरती बस असे काही नसेल, तर ‘रस्ता मोकळा’ म्हणजे त्यांच्या दृष्टीने ‘दुकान बंद’. पण त्यांनीच जाता जाता आणखी एक गोष्ट सांगितली : बऱ्याच वर्षांनी पेठेतली जुनी गिऱ्हाइके दिसली. मला वाटते, या वाक्याचा त्यांनी आणि आपणही विचार करावा. ऑनलाइन खरेदी आणि मॉल यांच्याशी पेठेतल्या दुकानाची स्पर्धा आहे. ओळख, गप्पा आणि कापड हातात घेऊन पाहणे हे त्या दुकानाचे बळ, आणि त्यासाठी माणूस दुकानापर्यंत पोहोचायला हवा.

हा प्रयोग जगावेगळाही नाही. कोलंबियाच्या बोगोटा शहरात १९७४ पासून ‘सिक्लोव्हिया’ चालते. तिथे दर रविवारी आणि सुटीच्या दिवशी सकाळी ७ ते दुपारी २ शंभराहून अधिक किलोमीटर रस्ते सायकली आणि पादचाऱ्यांसाठी मोकळे असतात. तिथे ती आता शहराची सवय झाली आहे.

कार्यक्रम आरोग्याला पोषक कधी?

आपल्याला रस्ता बंद करणे नवे नाही. अनंत चतुर्दशीला हाच लक्ष्मी रस्ता विसर्जन मिरवणुकीसाठी मोकळा होतो. पण मिरवणुकीनंतर कानात दडे, छातीत धडधड, झोप न झालेली म्हातारी माणसे माझ्याकडे येतात. नियमांनुसार व्यापारी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ६५ आणि रात्री ५५ डेसिबल आहे. स्पीकरच्या भिंतीसमोर ती कुठे राहते, हे तुम्ही जाणता. म्हणून कोणत्याही पेठेत कार्यक्रम ठरवणाऱ्यांना माझी विनंती : आवाज कमी, बसायला जागा, सावली, पिण्याचे पाणी, स्वच्छ स्वच्छतागृह आणि रुग्णवाहिकेसाठी मोकळी वाट ठेवा. एवढे असेल तर आजी-आजोबा येतील.

१२ डिसेंबर

दुसऱ्या दिवशी गाड्या परत आल्या. काकांनी फोनवर विचारले, “आता पुढच्या वर्षी का?”

मी सुचवले की दुकाने उघडायच्या आधी, सकाळी साडेसातला रस्ता बराच मोकळा असतो, तेव्हा जा. काकू मागून म्हणाल्या, “बंद शटरं बघायला कशाला जाऊ?” त्यांचे बरोबर होते. तरी आता त्या आठवड्यातून तीनदा सकाळी जातात, दूध घेऊन येतात. काकांची साखर ७.८ वर आली आहे. त्यात वाढवलेल्या औषधाचाही वाटा आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे.

एक दिवसाचा पादचारी दिन म्हणजे तपासणी आहे, उपचार नव्हे. काकूंचे पाय अजून चालू शकतात, एवढे त्या दिवशी सिद्ध झाले. उपचार म्हणजे वर्षभर मोकळा राहणारा पदपथ. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकांनुसार पदपथावर चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी आणि पदपथाची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. पुण्याने २०१६ मध्ये पादचारी धोरणही स्वीकारले आहे. कागद तयार आहेत. माझ्या ‘३० मिनिटे चालणे’ या ओळीसारखेच.

तुम्ही काय करू शकता?

- आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम वेगाने चालावे. बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही, असा वेग ठेवा. एकदम जमत नसेल तर दहा-दहा मिनिटांनी सुरुवात करा.
- पासष्टीनंतर आठवड्यातून तीन दिवस तोल आणि ताकदीचे व्यायामही हवेत. ओट्याला धरून टाचा उचलणे, खुर्चीतून हात न टेकता उठणे हे घरीच होते.
- काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरा. सपाता नकोत, मागे पट्टा असलेली चप्पल किंवा बूट घाला.
- इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेत असाल तर खिशात साखर ठेवा. घाम, थरथर, घाबरल्यासारखे झाले तर लगेच खा.
- छातीत दाटले, धाप लागली, चक्कर आली तर थांबा आणि डॉक्टरांना भेटा. वर्षभरात एकदा जरी पडला असाल तर डोळे, बीपीची आणि झोपेची औषधे, हाडांची घनता तपासून घ्या.
- बाजारात जाताना गाडी पदपथावर लावू नका. तिला वळसा घालून कोणीतरी रस्त्यावर उतरणार असते.

माझ्या कागदावर आता त्या ओळीच्या पुढे मी एक प्रश्न लिहिते : ‘कुठे?’ रुग्ण उत्तर देईपर्यंत पुढची ओळ लिहीत नाही. तुमच्या डॉक्टरांनी तुम्हाला हा प्रश्न विचारला नसेल, तर पुढच्या भेटीत तुम्हीच सांगा.