पेपरवेटखालची बिलं

नोकरी लागली तेव्हा वाटलं होतं, दिवसभर कोड लिहायचा. पहिले आठ दिवस मात्र मी भोसरीच्या एका कारखान्यात, अकाउंट्सच्या मॅडमशेजारी खुर्ची टाकून बसले. बिलं पास करायचं त्यांचं काम आम्हाला ऑटोमेट करायचं होतं. खरेदीची ऑर्डर, माल आल्याची नोंद आणि बिल, तिन्ही जुळली की बिल पुढे. जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे २७ असले तर पुरवठादार महाराष्ट्रातला, २९ असले तर कर्नाटकातला. मॅडम हे नुसत्या नजरेने टिपायच्या. मी वहीत चौकटी काढत गेले, निर्णयाच्या जागी शंकरपाळ्याचा आकार. कागदावर सगळं सरळ दिसत होतं.

फ्लो सुरू झाला आणि तिसऱ्या आठवड्यात एका छोट्या वर्कशॉपचे मालक दारात येऊन उभे राहिले. त्यांच्या बिलावर ऑर्डर नंबर नव्हता, म्हणून माझ्या फ्लोने ते तीनदा परत पाठवलं होतं. ई-मेल ते उघडतच नसत. लेखी करार असला तरी लहान उद्योगांचे पैसे ४५ दिवसांपलीकडे थकवू नयेत, असं २००६चा कायदा सांगतो. माल घेतल्यापासूनचे ते दिवस माझ्यामुळे वाया चालले होते. त्यांच्या हातातल्या घामेजल्या कागदाकडे मला बघवेना.

‘‘अगं, अशी बिलं मी पेपरवेटखाली ठेवायचे,’’ मॅडम म्हणाल्या, ‘‘आणि फोन करून नंबर लिहून घ्यायचे.’’

‘‘मग मला सांगितलं का नाहीत?’’

‘‘त्यात काय सांगायचं? ते काम थोडंच आहे!’’

त्या उत्तराने मला हा व्यवसाय शिकवला. नवी मुलं विचारतात, कुठलं टूल शिकू? टूल शिकावंच, पण मी ज्यावर शिकले त्या मायक्रोसॉफ्ट फ्लोचं २०१९मध्ये पॉवर ऑटोमेट झालं. मॅडमच्या हाताची सवय कुठल्याच टूलमध्ये नव्हती. आता मी कुणालाही ‘तुम्ही काय करता’ असं विचारत नाही. ‘काल काय अडलं, आणि मग काय केलंत’ असं विचारते आणि गप्प बसते.

मी फ्लोमध्ये एक चौकट वाढवली : ‘फोन करा’. अशा चौकटीच्या कोपऱ्यात माणसाचं छोटं चित्र असतं. हे काम माणसाने करायचं, याची ती खूण. मॅडमनी चष्मा सावरून ती पाहिली.

‘‘वेळ एक ते दीडची टाक,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तेव्हा त्यांची जेवणाची सुट्टी असते. एरवी लेथच्या आवाजात फोन ऐकू येत नाही त्यांना.’’