सोरतापवाडीचे हिरवे मांडव

पुण्याहून सोलापूरच्या रस्त्याला लागले, की हडपसरपर्यंत शहर काही पाठ सोडीत नाही. लोणी काळभोर मागे पडते आणि सोरतापवाडी ते उरुळी कांचन या टापूत रस्त्याकडेला एकाएकी हिरवाई दाटते. ही शेते नव्हेत, या रोपवाटिका! हिरव्या जाळीच्या मांडवाखाली, काळ्या पिशव्यांतून हजारो रोपे प्रार्थनेला उभ्या राहिलेल्या शाळकरी मुलांसारखी ओळीने उभी असतात. उरुळी कांचन हे नाव पूर्वी आपण ऐकत असू ते १९४६ साली महात्माजींनी सुरू केलेल्या निसर्गोपचार आश्रमामुळे. आता शहरातली कुटुंबे रविवारी इकडे वळतात ती झाडांसाठी. मुठेच्या उजव्या कालव्याचे पाणी आणि पुण्यासारखे गिऱ्हाईक, दोन्ही हाताशी असल्यावर हा धंदा फुलेल नाही तर काय!

मांडवात शिरले की साऱ्या पृथ्वीचे संमेलन भरलेले दिसते. आपल्या घरोघरी चढलेला मनी प्लँट मूळचा प्रशांत महासागरातल्या मूरिया बेटावरचा. अरेका पाम मादागास्करचा, तर तलवारीसारख्या पानांचा स्नेक प्लँट पश्चिम आफ्रिकेचा. इतक्या लांबून आलेले हे पाहुणे आपल्या दिवाणखान्यात महिन्याभरात माना टाकतात, आणि गृहिणी हळहळते, "आमच्या हाताला यशच नाही हो!"

येथले माळीबुवा हे ऐकून हसतात. "ताई, हाताचा दोष न्हाई. झाड तहानेनं कमी मरतं, बुडून जास्त मरतं."

मर्म आहे ते येथेच. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. माती सदा चिंब राहिली, की मुळे गुदमरून कुजतात. कुजलेली मुळे पाणी ओढीत नाहीत, म्हणून पाने मलूल होतात. आणि आपण समजतो झाड तहानले, नि आणखी एक तांब्या ओततो! तेव्हा वार पाहून पाणी घालू नये. बोट दोन पेरे मातीत खुपसावे. कोरडे लागले तरच खालच्या भोकातून निथळेपर्यंत घालावे. बशीत साचलेले पाणी लगेच ओतून टाकावे, नाहीतर डेंग्यूच्या डासांचीच शेती व्हायची. स्नेक प्लँटला तर दोन-तीन आठवड्यांनी पाणी दिले तरी तो कुरकुरत नाही.

मातीचेही तसेच. आपल्या दख्खनची काळी माती ज्वारी-कापसाला सोन्यासारखी. पण कुंडीत ती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. नुसती लाल माती काही दिवसांत ढेकळासारखी घट्ट बसते. म्हणून एक भाग लाल माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग नारळाचा भुसा अथवा जाडी वाळू, असे मिश्रण करावे. तळच्या भोकावर खापरी ठेवावी, म्हणजे माती वाहून जात नाही. कच्चे शेण मात्र घालू नये. त्याच्या उष्णतेने मुळे पोळतात आणि हुमणीही येते.

नवे रोप घरी आणल्यावर पंधरा दिवस इतर कुंड्यांपासून वेगळे ठेवावे. पानांच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे दिसले, तर तो पिठ्या ढेकूण. स्पिरिटात भिजवलेल्या बोळ्याने तो पुसून काढावा. मग लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचे तेल आणि साबणाचे चार थेंब घोळून, आधी एका पानावर पाहून, संध्याकाळी फवारावे, आठवड्याने पुन्हा. कोरड्या हवेत लाल कोळी येतो. त्याला पानांची खालची बाजू पाण्याने धुणे मानवत नाही. मातीवर चिलटे भिरभिरू लागली, तर औषध शोधू नये, पाणी कमी करावे.

घरी रांगते मूल असेल तर एक सावधगिरी हवी: मनी प्लँटचे पान चावले तर तोंडाची आग होते. तो उंचावरच बरा.

आणि शेवटी तुळस. वाडे गेले, अंगणे गेली, वृंदावने गेली. तुळस तेवढी आपल्याबरोबर तिसऱ्या मजल्यावर आली. दिवाळी सरताच कार्तिक शुद्ध द्वादशीपासून तिची लग्ने लागतील. पण देवघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवली, तर ती पुढच्या लग्नापर्यंत टिकायची नाही. ती उन्हाची लेक आहे. चार-पाच तासांचे ऊन मिळेल अशी खिडकी किंवा गॅलरी तिला द्यावी, आणि मंजिऱ्या वेळीच खुडाव्या, म्हणजे नवी पालवी फुटते.

घरातली सर्वांत उजेडाची जागा आपण बहुधा दूरदर्शन संचाला नाहीतर सोफ्याला देतो. यंदाच्या दिवाळीत ती तुळशीला देऊन पाहा. ऊसमांडव कुठे घालायचा हा प्रश्नही आपोआप सुटेल.